भाऊबीजेचं कोहळं

आमच्या घरी आंघोळ वांग्यांच्या सोयीने होत असे. बाबांनी न्हाणीघराला कुलूप घातलं नव्हतं, पण त्यात सरपण भरून ठेवलं होतं, म्हणजे अर्थ तोच. घरामागच्या आवारात एक फरशी टाकली होती. तिच्यावर बसून अंगावर पाणी घ्यायचं, ते नालीतून वांग्यांच्या वाफ्यात जायचं आणि उरलं तर टमाटरांना. साबण बंद होता, कारण साबणाने माती मरते असं बाबांना कुठल्याशा शिबिरात कळलं होतं. त्याऐवजी रिठे आणि बेसन. हिवाळ्यात कुंपणापलीकडे बँकेतल्या बाबूची बायको तोंडात ब्रश धरून उभी असायची आणि मी, नववीतला मुलगा, चड्डीवर बसून बेसन लावलेल्या अंगाने वांग्यांना पाणी पाजत असायचो. आई मात्र लाकडं एका कोपऱ्यात सारून आतच आंघोळ करायची. ते पाणी बादलीत धरून बाहेर आणून ओतावं अशी तिच्याकडून अपेक्षा होती. ती आणायची, पण अर्धीच बादली. बाबा त्या बादलीकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. आमच्या घरात न बोलण्याचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

आम्ही शेतकरी नव्हतो, हे आधीच सांगितलेलं बरं. बाबा पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत आणि आम्ही गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत राहत होतो, जिथे मास्तर, पटवारी आणि बाबू लोकांनी एकसारखी घरं बांधली होती आणि गेटवर स्वतःची नावं संगमरवरात कोरून लावली होती. कॉलनी संपली की संत्र्याचे बगीचे सुरू व्हायचे. तिथले लोक उन्हातान्हात खपायचे, शेतीबद्दल फारसं बोलायचे नाहीत, आणि इकडे एक मास्तर शर्टाच्या खिशात पेन अडकवून, हातात खुरपं घेऊन शेती म्हणजे काय हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तो मास्तर माझा बाप होता. एका उन्हाळ्यात ते शिबिराला गेले आणि परत आले ते चेहराच बदलून. जेवायला बसले, ताटातल्या फुलकोबीकडे पाहिलं आणि म्हणाले की आजपासून जे आवारात पिकेल तेच या ताटात येईल. गहू, ज्वारी, डाळ, तेल, मीठ आणि गुळाला सूट होती. या सवलती त्यांनीच ठरवल्या, कारण नियमही त्यांचेच होते. चहापत्तीला सूट मिळाली नाही. साखर आणि चहापत्ती घरातून गेली आणि आम्ही गवती चहा उकळून पिऊ लागलो. ते पाणी पिताना बाबा डोळे मिटून ‘आहा’ म्हणायचे. ते ‘आहा’ ऐकलं की मला वाटायचं, हा माणूस स्वतःशीही खोटं बोलू शकतो.

खतासाठी शेण लागायचं आणि आमच्याकडे गाय नव्हती. म्हणून बाबा सायकलच्या हँडलला बादली अडकवून बाजाराच्या मागच्या गल्लीत जायचे, जिथे बैलबंड्या सुटायच्या. तिथेच शाळेतली मुलं उभी राहून पेरू खायची. वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवणारे सर वाकून शेण उचलताना दिसले की मुलं नमस्कार करायची, आणि नमस्कार घेऊन बाबा बादलीसकट मान डोलवायचे. पोरांनी त्यांचं नाव ‘शेणसर’ ठेवलं होतं हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळलं नाही, किंवा कळलं असेल तर त्यांनी त्याचाही काहीतरी उदात्त अर्थ लावला असेल. मी त्या गल्लीने जाणं बंद केलं होतं. दुरून बादली दिसली की सायकल वळवायचो.

आणि खाणं. पावसाळाभर अंबाडी. अंबाडीची भाजी, अंबाडीचं फदफदं, डाळीत अंबाडी, भाकरीच्या पिठात अंबाडी. त्यानंतर दोडके, ज्यांना बाबा वेळेवर तोडू देत नसत, ‘अजून थोडं भरू दे’ म्हणत, मग ते आतून जाळीसारखे व्हायचे आणि आई ते तसेच चिरून टाकायची. बाजारातून थैला भरून येणाऱ्या शेजाऱ्याला थांबवून बाबा त्याच्या भाज्या बाहेर काढून बघायचे, टमाटर बोटाने दाबायचे आणि ‘औषध आहे हो सगळं’ असं म्हणून परत ठेवायचे. शेजारी हसून पुढे जायचा. त्याच्या घरातून थोड्या वेळाने आलूवांग्याच्या रश्श्याचा वास यायचा आणि आम्ही फदफदं खायचो. तुच्छता आमच्या घरी लोणच्यासारखी पानात वाढलेली असायची. बाबा बाजारातलं खाणाऱ्यांना तुच्छ समजायचे, आई बाबांना, आणि मी दोघांना.

आता नागपुरात मी ज्या इमारतीत राहतो, तिच्या गच्चीवर काही जणांनी मिळून भाज्या लावल्या आहेत. एका टमाटराचे सहा बाजूंनी फोटो काढून मोबाईलवर टाकतात आणि खाली लोक हात जोडलेली चित्रं पाठवतात. मला त्यांची इतकी चीड येते की लिफ्टमध्ये बोलवत नाही. आणि माझ्या गॅलरीत चार कुंड्या आहेत, त्यात सांबार आहे, म्हणजे कोथिंबीर, आणि पाहुणा आला की मी ती त्याच्यासमोर तोडतो. हे मान्य केलं नाही तर पुढचं लिहिण्याचा मला अधिकार नाही.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे, त्या वर्षी बाबांच्या आवारात पहिल्यांदा काहीतरी नाव घेण्यासारखं पिकलं. पहिल्या पावसात खताच्या खड्ड्याजवळ एक कोहळ्याचा वेल आपोआप उगवला. पुण्या-मुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते आमचं कोहळं. बाबांनी तो लावला नव्हता, त्याला पाणी घातलं नव्हतं, म्हणूनच बहुधा तो वाढला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात गोटमार होते, त्या सुमाराला त्याला एकच फळ धरलं आणि ते एवढं मोठं झालं की दसऱ्याला ते उचलायला बाबा आणि मी दोघं लागलो. त्यांनी ते पुसून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवलं. दिवाळीनंतर शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, जिल्ह्याचे साहेब येणार होते, आणि रासायनिक खताशिवाय काय होऊ शकतं ते त्यांना दाखवायचं होतं. तोवर कोहळ्याला कोणी हात लावायचा नाही. बाबा रोज सकाळी त्याच्यावर बोट वाजवून बघायचे. माझ्या प्रगतिपुस्तकाकडे त्यांनी इतक्या वेळा पाहिलेलं मला आठवत नाही.

आमच्याकडे अख्खं कोहळं बाईने कापायचं नसतं. पहिला चिरा पुरुषाने द्यायचा, मग बाईने पुढचं चिरायचं. कोहळं म्हणजे घरचा थोरला मुलगा असं मानतात, बाईने त्याच्यावर पहिला घाव घातला तर ते त्या मुलाच्या जिवावर येतं. घरात पुरुष नसला तर बाया शेजारच्या एखाद्या पोराला हाक मारतात, तो येऊन विळा टेकवून जातो. बाबा असल्या गोष्टींवर वर्गात तासभर बोलायचे. ग्रहणात वर्गासमोर केळं खाऊन दाखवणारा माणूस तो. आत्याने एकदा मांजर आडवी गेली म्हणून गेटाशी थांबून घेतलं तेव्हा बाबांनी मुद्दाम त्या मांजरीला दूध पाजलं होतं. आपल्या घरात थोरलाही हाच आणि धाकटाही हाच, तेव्हा कोहळ्याला जपा असं आई एकदा म्हणाली, तर बाबा तिच्याकडे वर्गातल्या ढ मुलीकडे बघावं तसं बघून हसले होते.

पाडव्याच्या दुपारी वानरं आली. आम्ही झोपलो होतो. काळ्या तोंडाची दहा-बारा वानरं कुंपणावरून आत उतरली आणि त्यांनी आवार साफ केलं. वांगी अर्धी खाऊन फेकली, चवळीचे वेल ओढून काढले, पपई फोडली, टमाटरं एकमेकांना मारावीत तशी पसरली. आम्ही बाहेर आलो तेव्हा एक वानर आंघोळीच्या फरशीवर बसून कारलं चाखत होतं, आणि ते त्यालाही आवडलं नाही. बाबा म्हणाले, निसर्गाने त्याचा वाटा नेला. आई म्हणाली, उद्या भाऊबीज आहे.

आईचा एकच भाऊ, सौसरचे मामा. त्यांचं तिथे किराण्याचं दुकान होतं आणि वर्षातून एकदा, भाऊबीजेला, मामी आणि ते बसने आमच्याकडे यायचे. बाबा त्यांना ‘पुड्या विकणारा’ म्हणायचे, पाठीमागे, पण आई ऐकेल अशा बेताने. मामा बाबांना तोंडावर ‘जवाईबापू’ म्हणायचे आणि त्या शब्दात जेवढा मान असायला हवा त्याच्यापेक्षा जरा जास्तच भरायचे. आईला या दिवसाची वर्षभर वाट असायची. माहेरच्या माणसाच्या पुढ्यात भरलेलं ताट ठेवता आलं की आपला संसार नीट चालला आहे हे न बोलता सांगून होतं, एवढंच तिला हवं असे.

सकाळी तिने बाबांना विचारलं. ती सहसा काही मागत नसे, म्हणून मला ते शब्द आठवतात.

“दादा येऊन राहिला. एक दिवस बाजारातून फुलकोबी आणा, आलू आणा. एकच दिवस.”

“एकाच दिवसाने सगळं ढिलं पडतं,” बाबा म्हणाले. “लाल भाजी आहे, मिरच्या आहेत. आहे ते प्रेमाने वाढ.”

मग त्यांनी केसांना तेल लावलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जाम नदीच्या पलीकडे सावरगावला आत्याकडे ओवाळून घ्यायला निघून गेले. आत्याकडे पुऱ्या, बासुंदी आणि बाजारातल्या वांग्यांची मसाला भरलेली भाजी असायची. मागच्या वर्षी मी सोबत होतो. बाबांनी तिथे नियमांबद्दल चकार शब्द काढला नव्हता आणि बासुंदी दोनदा मागून घेतली होती.

मामा-मामी आले तेव्हा आईने त्यांच्यापुढे गवती चहा ठेवला. मामांनी कपात पाहिलं, मग माझ्याकडे.

“काय रे भाच्या, घरात कोनाले ताप आला का?”

“नाही मामा.”

“मंग हा काढा कोनासाठी?”

मामी पदराआड हसली. आईही हसली, पण ते हसू ओठांपुरतं होतं. ओवाळणी झाली. मामांनी ताटात साडी ठेवली, आणि मग मामीला खूण केली. मामीने दाराजवळ ठेवलेला मोठा थैला ओढून आणला आणि आईसमोर रिकामा करायला लागली. फुलकोबी निघाली, आलू निघाले, वाटाण्याच्या शेंगा, सांबाराची जुडी, आल्याचा तुकडा, एवढंच नाही तर पाव किलो चहापत्ती आणि साखरेची पुडी.

“म्हटलं तिकडं काही भेटते का नाही भेटत,” मामी म्हणाली. “बाई, तुमी कायले तकलीफ घेता. मी पाच मिनिटात रांधून टाकतो.”

मी फुलकोबीकडे बघत होतो. खरं सांगायचं तर माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि मामी देवी वाटत होती. आईकडे मी उशिरा पाहिलं. ती गोरीमोरी झाली होती. आता कळतं की भावाने बहिणीच्या घरी जेवायला येताना स्वतःचा शिधा बांधून आणला होता. उपाशी घरी जाताना आणतात तसा. तिने एकेक करून सगळ्या भाज्या पुन्हा थैल्यात भरल्या, चहापत्तीसुद्धा, आणि थैला मामीच्या पायाशी नेऊन ठेवला.

“जाताना घेऊन जा वहिनी. माह्या घरी आले तर माह्या घरचं खाऊन जा.”

“कुसुम,” मामा म्हणाले, “माकडानं सारं खाल्लं ते म्या येतानाच पाह्यलं. उगीच कायले जिद्द करतं?”

 आई स्वयंपाकघरात गेली, आणि कोहळं फळीवरून ओढून खाली उतरवताना त्याचा जो दणका झाला तो ऐकून आम्ही सगळे आत गेलो. तिने ते पाटावर ठेवलं होतं आणि मोठा विळा हातात घेतला होता. मी पुढे झालो. मला पद्धत माहीत होती आणि बाबांच्या प्रदर्शनावर पहिला घाव आपल्या हातून पडणार याचा आनंदही झाला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. मी विळ्याकडे हात केला.

“हात नको लावू,” आई म्हणाली.

मामांना वाटलं तिला पोराच्या हातून नको आहे. ते बाह्या सारत म्हणाले, “आण इकडं, मी देतो चिरा.”

“दादा, तू बैस. तू पाहुणा हाय.”

मामीच्या लक्षात आधी आलं. तिने आईचा दंड धरला. “बाई, काय करून राहिल्या तुमी? पोरगा समोर उभा हाय.”

“दिसते मले,” आई म्हणाली आणि विळा घातला.

साल जाड होती. पहिल्या घावात विळा अडकून बसला. तो तिने सगळा जोर लावून कोहळ्यासकट उचलून पाटावर आपटला, आणि मग ते उघडलं. इतका गर्द केशरी रंग मी त्याआधी आमच्या घरात पाहिला नव्हता. मामी मला मागे ओढत होती. आई त्या दोन फाकांकडे बघत क्षणभर थांबली आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ मला अजून लावता येत नाही. आई आता माझ्याजवळच असते, ऐकायला कमी येतं, भाज्या अजून तीच निवडते. तिचा त्या गोष्टीवर विश्वास होता की नव्हता, हे मी तिला कधी विचारलं नाही. नसेल तर ती फक्त एक भाजी होती. असेल तर तिने त्या दिवशी रागाच्या भरात काय पणाला लावलं ते मला ऐकायचं नाही.

मग ती नेहमीसारखी पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून भराभर फोडी करू लागली. बिया ताटलीत राख लावून वाळत टाकल्या. भाजी केली, गुळात कोहळं शिजवून त्याचे बोंडे तळले, सालीची चटणी वाटली. घरभर तळणाचा गोड वास पसरला. मामा बोंडे खात होते. चौथ्यांदा त्यांनी नुसतंच ताट पुढे सरकवलं. मामीने शेवटी म्हटलं की आणखी असतील तर सौसरला पोरांसाठी न्यायचे होते. आईने डबा भरून दिला. बाबांचा बगिचा त्या एका जेवणात जितका जिंकला तितका आधी कधी जिंकला नव्हता, आणि बाबा तिथे नव्हते.

ते आले दुपार कलल्यावर, कपाळाला कुंकू, ओठांवर बासुंदीचं सुख. मामा-मामी निघायच्या बेतात होते. बाबा पाणी प्यायला आत गेले आणि त्यांना उरलेली फाक दिसली. मी दारात उभा होतो. मला त्यांचा संताप बघायचा होता. प्रदर्शन, जिल्ह्याचे साहेब, रासायनिक खत, सगळं भाषण मला ऐकायचं होतं, मामांच्या समोर.

“चिरा कोणी दिला?” बाबांनी विचारलं.

 त्यांनी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू विनवत.

“म्या देला,” आई म्हणाली.

बाबा पाटावर बसले. मला हाक मारली, जवळ घेतलं आणि कपाळाला हात लावून पाहिला. मग गळ्याला. त्यांच्या बोटांना आत्याकडच्या मसाल्याचा वास येत होता. मामा बघत होते. त्यांना इतका आयता मौका आयुष्यात मिळाला नसेल.

“जवाईबापू,” ते म्हणाले, “तुमी तं विज्ञान शिकवता ना.”

 मामांनी त्यापुढे काही म्हटलं नाही, थैला उचलला आणि मामीला चल म्हणाले. एवढी दया त्या पुड्या विकणाऱ्या माणसात होती, हे मला नोंदवलं पाहिजे, कारण माझ्यात नव्हती. मी बाबांच्या हाताखाली उभा राहून मनात हसत होतो. ग्रहणात केळं खाणारा माणूस. त्यांची भीती माझ्यासाठी होती, हे समजायला मला स्वतःचा मुलगा व्हावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सायकल घेऊन गेले. बादली घरीच होती. परत आले तेव्हा कॅरिअरला दोरीने बांधलेलं एक कोहळं होतं, बाजारातलं, चकचकीत, अख्खं. त्यांनी ते पाटावर ठेवलं आणि विळा माझ्या हातात दिला.

“काप,” ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, तिने मान वळवली नाही. मी कापलं. वेडंवाकडं कापलं, पण दोन तुकडे झाले. बाबांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला लाज वाटली. त्यांनी दोन्ही तुकडे उचलून आईजवळ नेऊन ठेवले, वर्गात उशिरा आलेला मुलगा वही ठेवतो तसे.

“बाजारातलं हाय हे,” आई म्हणाली.

“हो.”

“औषध मारलेलं असन.”

बाबांनी एका तुकड्यावर बोट दाबून पाहिलं.

“मी नाही रांधत. या घरात बाजारातली भाजी येत नाही.” तिने ते तुकडे सरकवून दाराबाहेर केले. “माह्या कोहळ्याची अर्धी फाक हाय अजून.”

दुपारी तिने तीच भाजी केली आणि तिघांची ताटं वाढली. बाबा ताटाकडे बघत बसले. आई वाढून झाल्यावर उठून गेली नाही, समोर बसून राहिली. तिने आग्रह केला नाही, फक्त बघत राहिली. बऱ्याच वेळाने बाबांनी घास मोडला, तोंडात घातला आणि गिळला, आणि मग घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी दुसरी भाकरी मागत होतो.